सोळा नंबरची खुर्ची

आमच्या चाळीत आजारी माणसाबद्दल बोलायचे शब्द ठरलेले होते. 'बरं नाही' म्हणजे डोक्याला फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस. 'जास्त आहे' म्हणजे शेजारणी येता-जाता दारातून डोकावणार. 'ॲडमिट केलंय' म्हणजे पुरुषमंडळी कामावरून सुटली की घरी न येता परस्पर हॉस्पिटलात जाऊन उभी राहणार. आणि 'सीरियस आहे' असं कोणी म्हटलं की त्यापुढे कोणी काही विचारत नसे. हा शब्द इंग्रजी आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. इंग्रजी सोडाच, मराठीतली सहीसुद्धा अडखळत करणारी माझी आई तो 'शिरेस' असा म्हणायची आणि पाणी, रॉकेल, रेशन यांच्याइतक्याच सहजपणे वापरायची. पुढे माझी सगळी नोकरी पालिकेच्या कचेरीत कागद वाचण्यात आणि त्यांवर शिक्के मारण्यात गेली. शिक्क्यावरच्या शब्दाला माणसं किती लवकर सरावतात आणि मग तो वाचायचंच विसरतात, हे मी तिथे रोज पाहिलं. पण त्याचा पहिला धडा मला नववीत असताना घरातच मिळाला होता.

घाटकोपरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ. पहिल्या मजल्यावरची शेवटची खोली, तिच्यात आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ रव्या. बाबा आधी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाला, त्यांची गिरणी त्यांच्यापुरती कायमची बंद झाली, आणि ते विक्रोळीच्या एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन झाले. संध्याकाळी सहाला डबा घेऊन निघायचे ते सकाळी सातला परत. आंघोळ केली, उकड्या तांदळाची पेज घेतली की झोप. त्यामुळे आमच्या घरात दिवसा आवाज करायला बंदी होती. आई बांगड्या कोपरापर्यंत वर सारून काम करायची, म्हणजे किणकिण नको. स्टोला पंप मारायचा तर तो उचलून गॅलरीत न्यायचा. रव्याला शिंक आली तर तो उशीत तोंड खुपसायचा आणि मग आम्ही दोघं हसू दाबत लोळायचो. शेजारच्या शिवणयंत्राचा आवाज चालायचा, नळावरची भांडणं चालायची, फक्त आमचे आवाज चालायचे नाहीत. बाबांची झोप आमच्याच आवाजाने मोडते असा आईचा सिद्धांत होता, आणि तिच्या सिद्धांतांपुढे कोणाचं काही चालत नसे.

पण या घरात एक सोय होती, जी चाळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. साचेखात्यात यंत्रांचा इतका कल्लोळ असायचा की शेजारी उभ्या माणसाचा शब्द ऐकू येत नसे. म्हणून साचेवाले ओठांवरून बोलणं ओळखायचे. बाबा त्यात पटाईत. एका कानाने त्यांना कमीच ऐकू यायचं, पण समोरच्या चाळीच्या गॅलरीत दोन बायका काय कुजबुजताहेत ते ते आरामात सांगायचे. आई लग्न होऊन आली आणि वर्षभरात तीही ते शिकली. सकाळी बाबा पेज पीत असताना आम्ही झोपलेलो असायचो, म्हणून ती दोघं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायची. मी किती वेळा चादरीच्या फटीतून ते पाहिलंय. आई रागावली की तिचे ओठ भराभर हलायचे आणि बाबा पेजेच्या थाळीत बघायचे, म्हणजे वाचायला नको. तेवढी पंधरा-वीस मिनिटं, दिवसातली, त्यांची. बाकी वेळ एक जण झोपलेला नाहीतर कामावर. चाळीतल्या लोकांना वाटायचं की या नवरा-बायकोत बोलणंच नाही. पाहून पाहून मीही ओठ वाचायला शिकले, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते बोलायचे थांबले असते.

त्या पावसाळ्यात बाबांना कावीळ झाली. आधी डोळे पिवळे झाले, मग नखं. गावाहून औषध आलं, पथ्य झालं, तेल-मीठ बंद झालं, पण कावीळ उतरेना. मग पोट फुगायला लागलं. पोटात पाणी झालंय म्हणून पालिकेच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं, दुसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात, सोळा नंबरच्या खाटेवर. चाळीतल्या काही जणांनी 'पीत असणार' म्हणून निकाल लावून टाकला. बाबांनी आयुष्यात शिमग्यालासुद्धा घोट घेतला नव्हता. हे ऐकून आई इतकी भडकली की दोन शेजारणींशी तिने महिनाभर अबोला धरला. अबोला धरून तिला बरं वाटत असे.

वॉर्डात नातेवाइकांना भेटायची वेळ चार ते सहा. सहाला आयाबाई पितळी घंटा वाजवत फिरायची आणि 'चला, चला, उठा' करत सगळ्यांना बाहेर काढायची. आईला हे अजिबात सहन होत नव्हतं. बाबांची पेज ती सकाळी करून न्यायची, पण वॉर्डाच्या दारातून ती आयाबाईच्या हातात द्यावी लागे, आणि संध्याकाळी बघावं तर पेज तशीच, वर साय धरलेली. "माझ्या हातातसून दिल्याबिगर तेंच्या पोटात काय जाणा नाय," ती सगळ्यांना सांगत सुटली. तेव्हा तिला कोणीतरी पासाबद्दल सांगितलं. गुलाबी रंगाचा कागद असतो, तो असला की घरच्या एका माणसाला दिवसभर पेशंटजवळ बसता येतं, कोणी उठवत नाही. त्याला सगळे 'सीरियसचा पास' म्हणायचे. आम्ही जसं रेशनच्या दुकानात पिवळं कार्ड, पांढरं कार्ड म्हणायचो तसंच. मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही, आणि शाळेत इंग्रजीत मला चांगले मार्क असत हे इथे नमूद करून ठेवते.

पास मिळवायचा म्हणजे ओळख हवी. आणि आमच्याकडे ओळख होती. बबनकाका आमच्या गावचे, आमच्याच वाडीतले, त्या हॉस्पिटलात एक्सरे विभागात वॉर्डबॉय. चाळिशी उलटलेला उंच, वाकलेला माणूस, खाकी शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, लिहिता मात्र काही येत नसे. गावचं कोणीही तिथे गेलं की ते धावून यायचे. आईने त्यांना सरळ सांगितलं, "बबन, माका तो शिरेसचो पास करून दी." ते म्हणाले, "बघतंय वयनी." दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. "बघतंय, बघतंय." तिसऱ्यांदा ती त्यांना जिन्यातच गाठून म्हणाली, "अरे, एवढो मोठो तू हयसर कामाक आणि एक कागद होणा नाय तुझ्यान?" बबनकाकांनी मान खाली घातली आणि ते कुठलीशी ट्रॉली ढकलत निघून गेले. आईने त्या दिवशी घरी येऊन त्यांच्या सात पिढ्यांचा समाचार घेतला.

बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बबनाकडे पास-बिस मागू नको." का, ते सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, त्यांना कोणाचे उपकार नको असतात, तेच. खरं तर त्यांनी मला त्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले होते. वॉर्डात भेटीला येणाऱ्यांसाठी खुर्च्या नव्हत्या, उभं राहायचं किंवा खाटेवर टेकायचं. सिस्टरच्या टेबलामागे मात्र पाच-सहा लोखंडी घडीच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या असत. बाबांनी डोळ्यांनी समोरच्या रांगेकडे खूण केली आणि ओठ न उघडल्यासारखं म्हणाले, "अकरा नंबराक आज खुर्ची घातली." मी बघितलं. अकरा नंबरच्या म्हाताऱ्याजवळ त्याची सून खुर्चीवर बसून वारा घालत होती. मी म्हटलं, "बरं झालं की, सोबत आहे." बाबांनी मान वळवली आणि रव्याच्या परीक्षेचं विचारलं. दोन दिवसांनी मी गेले तर अकरा नंबरला दुसराच माणूस होता. मी त्याबद्दल काही विचारलंसुद्धा नाही. पंधराव्या वर्षी माणूस किती आंधळा असतो, याचं आज मला आश्चर्य वाटतं आणि थोडा रागही येतो.

आणि एका संध्याकाळी आई हॉस्पिटलातून आली ती जवळजवळ धावतच. माझी चाचणी होती म्हणून मी गेले नव्हते. दारातूनच ती ओरडली, "मिळालो गो पास! बबनान काम केल्यान!" सिस्टरने तिला नावाने हाक मारली होती, हातात गुलाबी कागद ठेवला होता, उद्यापासून सकाळीच या म्हणून सांगितलं होतं. तिने तो पदराच्या टोकात बांधून आणला होता. मी उलगडला. बाबांचं नाव, खाट क्रमांक सोळा, खाली सही, आणि मध्ये जांभळ्या शाईचा इंग्रजी शिक्का: सीरियस. मी मोठ्याने वाचून दाखवला. रव्याने टाळ्या वाजवल्या. होय, टाळ्या वाजवल्या आणि आम्ही तिघंही हसलो. आईने ज्या बबनकाकांना शिव्या घातल्या होत्या त्यांच्यासाठी लगेच काळे वाटाणे भिजत घातले. सकाळी उठून तिने वड्याचं पीठ मळलं. पीठ उकळत्या पाण्यात मुरलं की त्याला बडीशेप-धण्याचा जो वास येतो, तो त्या सकाळी सगळ्या गॅलरीभर झाला होता. कित्येक आठवड्यांनी आमच्या घरात तेलाची कढई चढली. बाबा घरी झोपलेले नव्हते, त्यामुळे स्टो आतच पेटला आणि आई मोठ्याने बोलत होती, बांगड्या मनगटावर होत्या. चाळीतल्या ज्या बायकांशी अबोला होता त्यांनासुद्धा तिने दोन-दोन वडे दिले.

नऊच्या सुमारास आम्ही हॉस्पिटलात पोचलो. आई पेजेची किटली घेऊन वर गेली आणि मी वड्यांचा डबा घेऊन तळमजल्यावर एक्सरे विभागात. बबनकाका बाकावर बसून चहा पीत होते. मी डबा पुढे केला आणि म्हटलं, "आईने दिलाय. पास मिळाला ना, म्हणून."

"पास? खंयचो पास?"

"सीरियसचा. काल संध्याकाळी सिस्टरनी दिला. तुम्हीच केलंत ना काम?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, पण तो बाकाच्या कडेवर ठेवला गेला आणि पडून फुटला. काचा गोळा करायला ते वाकले नाहीत. "बाय," ते म्हणाले, "मी कोणाक काय बोलूक नाय." मला वाटलं ते विनय दाखवताहेत. मी हसून म्हटलं, "असं काय करता काका, आईने एवढे वडे केलेत." तेव्हा त्यांनी माझा खांदा धरला. "अगो, तो मागून घेवचो पास नाय. डॉक्टर लिवतत तेव्हाच मिळता तो. तुझी आवस मागी, आणि माझ्या तोंडातसून शब्द येय नाय. म्हणान मी 'बघतंय, बघतंय' करीत रवलंय." मग ते रडायला लागले. एवढा मोठा खाकी कपड्यांतला माणूस, समोर एक्सरेसाठी बसलेल्या लोकांची रांग, आणि तो हातात वड्यांचा डबा धरून रडतोय. मला आधी त्यांची लाज वाटली. कळायला पुढचे काही क्षण लागले.

मी जिना धावत चढले. आईला थांबवायचं एवढंच डोक्यात होतं. कशापासून थांबवायचं ते मला तरी कुठे ठाऊक होतं. वॉर्डाच्या दारात पोचले तेव्हा आयाबाई सिस्टरच्या टेबलामागून एक खुर्ची ओढत नेत होती. लोखंडाचे पाय फरशीवर घासत जात होते, आणि तो आवाज जसजसा पुढे गेला तसतशी प्रत्येक खाटेवरची मान वळली. खुर्ची पुढे गेली की मान पुन्हा छताकडे. सोळा नंबरपाशी आयाबाईने ती उघडली, खाडकन. आई पासाचा कागद हातात घेऊन उभी होती, कपाळावर मोठं कुंकू, चेहरा फुललेला. बाबांनी खुर्चीकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग आईच्या तोंडाकडे. मी दारातून त्यांचा चेहरा बघत होते, आणि त्या दिवसापासून मला कोणाच्याही चेहऱ्याची भीती वाटेनाशी झाली, कारण त्याहून अवघड चेहरा मी पाहिलेला नाही. ते हसले. "ये," ते म्हणाले, "बस. बबनान शब्द पाळल्यान म्हणायचो."

आई बसली. किटलीचं झाकण काढायला खाली वाकली. तेवढ्यात बाबांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज न करता, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून ओठ हलवले: "तिका बसांदे. काय सांगू नको." मला ओठ वाचता येतात हे त्यांना आधीपासून माहीत होतं. मी मान हलवली. मग मी विचारलं, तसंच, नुसत्या ओठांनी, "भाऊकाकांना तार करू?" भाऊकाका म्हणजे गावचे माझे थोरले काका. तार गेली असती तर ते पिशवी घेऊन धावत आले असते, आणि त्यांना बघून आईला सगळं कळलं असतं. "भाताची लावणी आटपांदे," बाबांनी ओठांनीच सांगितलं. आईने वर पाहिलं तेव्हा आम्ही दोघंही पेजेच्या किटलीकडे बघत होतो.

त्या दुपारी मी कॉरिडॉरमध्ये तिथल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं झालेलं, पायांत साध्या रबरी चपला. मी विचारलं, "सीरियस म्हणजे नक्की काय?" त्यांनी आधी विचारलं कितवीत आहेस, मग भिंतीला टेकल्या. "सीरियस म्हणजे माणूस गेला असं नाही," त्या म्हणाल्या. "सीरियस म्हणजे आम्ही आता खात्रीने काही सांगू शकत नाही. जीवाला धोका आहे. काय व्हायचं ते कधीही होऊ शकतं, म्हणून घरच्यांनी जवळ असावं. काही जण त्या यादीतून खाली येतात, पास परत करतात, चालत घरी जातात." मी विचारलं, "किती जण?" त्या म्हणाल्या, "येतात." आणि त्यांना कोणीतरी हाक मारली. आजवर मी या शब्दाचे अर्थ पुष्कळांकडून ऐकले, पण रबरी चपलांतल्या त्या मुलीने सांगितला त्याहून खरा अर्थ मला कोणी सांगितलेला नाही.

बबनकाका संध्याकाळी डबा परत घेऊन वर आले. घासून पुसून, आत कागदात बांधलेली मूठभर साखर, कारण रिकामा डबा परत करायचा नसतो. वडे त्यांनी खाल्ले की नाही ते मी कधी विचारलं नाही. आई म्हणाली, "बबन, तुझे उपकार झाले बाबा." ते म्हणाले, "कसले उपकार वयनी," आणि बाबांच्या पायांवरची चादर उगीच सारखी करत उभे राहिले.

तसे पाच दिवस मिळाले. ते दिवस मी शाळेच्या आधी आणि नंतर वॉर्डाच्या दारातून पाहिले आहेत. आई सकाळी यायची, बाबांच्या डोक्याला तेल लावायची, नखं कापायची, चमच्याने पेज भरवायची, आणि मग दोघं बोलायची. आवाज न करता. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपलेला असायचा, म्हणून. एवढं बोलणं त्यांचं लग्नानंतर कधी झालं नसेल. लग्नातलं लुगडं हिरवं होतं की जांभळं यावर एक अख्खी दुपार वाद झाला. मी आईचे ओठ भराभर हलताना पाहिले आणि बाबा या वेळी थाळीत बघत नव्हते, बघत होते तिच्याकडेच. गावच्या घरामागच्या फणसाबद्दल बोलले. रव्याला टायपिंग शिकवायचं की आयटीआयला घालायचं, याबद्दल बोलले. एकदा आई इतकी हसली की तिला आवाज आवरला नाही आणि सिस्टरने दटावलं. मी रोज ठरवून येत होते की आज तिला सांगायचं. भाऊकाकांना बोलवायला हवं, तिने मन घट्ट करायला हवं, हे बरोबर नाही. आणि रोज ते दोघं बोलताना बघून मी तशीच परत फिरत होते. तिसऱ्या दिवसापासून बाबा मध्येच पेंगायला लागले. कालच्या प्रश्नाचं उत्तर आज द्यायचे. आई त्याला धरूनच पुढे बोलायची.

पाचव्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी दुपारी वॉर्डाच्या दाराबाहेरच्या खिडकीशी उभी होते. आई त्यांना नळावरच्या कुठल्याशा भांडणाची हकिकत सांगत होती. बाबांचे डोळे तिच्या ओठांवर होते. मध्येच तिचे ओठ जरा थबकले. मग तिने हकिकत पुढे चालू केली, शेवटपर्यंत नेली, आणि मग वळून सिस्टरला हाक मारली. ती पुढे अनेकदा सांगायची, "बघत होते, पण वाचीत नव्हते. माका कळला. पण बोलना अर्धा कशाक सोडू?" मी खिडकीतून खाली बघितलं. फाटकाशी चार वाजायची वाट बघत माणसं उभी होती, हातात डबे घेऊन.

सिस्टरने पास मागितला. तो परत करायचा असतो. आईने कमरेच्या पिशवीतून तो काढला, मांडीवर ठेवून त्याच्या घड्या हाताने सारख्या केल्या आणि दिला. "कोणाक तरी लागतलो," ती म्हणाली. खुर्ची मी मिटली आणि टेबलामागे उचलून नेली, फरशीवर घासू न देता.

भाऊकाका आले ते सगळं झाल्यावर, पायांच्या नखांत शेतातला चिखल घेऊन. "एक तार करूक काय झाला होता?" एवढंच विचारलं. मी तोंड उघडलं, पण आईच म्हणाली, "माका कळाक नाय, भाऊजी." त्यांनी त्याबद्दल तिला कधी माफ केलं नाही, आणि मी गप्प राहिले याबद्दल मी स्वतःला. बबनकाका मात्र दर वर्षी बाबांच्या श्राद्धाला यायचे. आई त्यांच्या पानात वडे वाढताना जमलेल्या सगळ्यांना सांगायची, "ह्याना पास दिलो म्हणान माका पाच दिस मिळाले." ते पानातून वर बघत नसत. हे त्यांच्या मरणापर्यंत चाललं, आणि मला दर वेळी वाटे की या माणसाला आता तरी सोडवावं. पण ते सोडवणं म्हणजे आईचे पाच दिवस तिच्याकडून काढून घेणं होतं. मी पानांत वाढत राहिले, कधी वडे, कधी काळ्या वाटाण्यांचं सांबार.

गेल्या वर्षी आईला श्वास घेता येईना म्हणून आम्ही मुलुंडच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. ऐंशी केव्हाच ओलांडली होती. स्वच्छ फरशी, गार हवा, आणि एक चटपटीत डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी क्रिटिकल आहेत. तुम्ही प्लीज बाहेर थांबा." मी वयाने त्याच्या आईएवढी, तरी तिथे मला हसू आलं, आणि पाठोपाठ रडू. आमच्या वेळी असा शब्द लिहिला की दार उघडायचं. आता लिहिला की बंद होतं. आत कोणाला सोडत नव्हते, फक्त संध्याकाळी पाच मिनिटं काचेशी उभं राहायचं.

मी काचेशी उभी राहिले. आईच्या नाकात नळ्या होत्या, खाट अर्धी वर उचललेली. तिने मला ओळखलं. ती बोलली, आणि काचेतून आवाज येत नव्हता, पण आमच्या घराला आवाजाची गरज कधी होती? "पास नाय मिळालो?" तिने विचारलं.

माझ्या तोंडून आपोआप गेलं, नुसत्या ओठांनी, "मिळाला गं. बबनकाकांनी दिला."

बाबा खुर्चीकडे पाहून जसे हसले होते, तशी आई हसली. "तेना तेव्हा तरी खंय दिल्लो?" ती म्हणाली.

म्हणजे तिला ठाऊक होतं. काळे वाटाणे भिजत घालतानाच ठाऊक होतं, की आयाबाईने खुर्ची उघडली तेव्हा कळलं, की आणखी कधी, हे विचारायचा मला धीर झाला नाही. सिस्टर पडदा ओढायला आली. आईने बोट उचलून माझ्यामागे, कॉरिडॉरमधल्या जमिनीला ठोकलेल्या स्टीलच्या खुर्च्यांकडे खूण केली आणि सावकाश, अक्षर सुटं करून, मला वाचता येईल असे ओठ हलवले: "बस."

मी बसले.